पुलाच्या अलीकडे परवाना, पलीकडे गुन्हा

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंज दोन काड्यांच्या वर जात नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पोरगा सावली तालुक्यातला आहे. तो म्हणतो, "भाऊ, व्याहाडच्या इकडं बाटली घेतली तर बिल भेटते, अन् वैनगंगेचा पूल ओलांडला की त्याच बाटलीवर केस होते. एकच राज्य, एकच सरकार, मग हे कसं काय?"

प्रश्न सोपा वाटतो, पण त्याच्या उत्तरात पंचाहत्तर वर्षांचा कायदा आहे, दोन मोठी आंदोलनं आहेत, मंत्रिमंडळाचे दोन उलटसुलट निर्णय आहेत आणि मोहाचं फूलही आहे. म्हणून आजचा भाग त्यावर.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. महाराष्ट्राचा दारूविषयीचा मूळ कायदा दारू विकण्याचा नाही, दारू बंद करण्याचा आहे. नावच आहे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा होता. १९४९ साली आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच, मध्य प्रांतात होता. आपण नंतर आलो आणि हा कायदाही नंतर लागू झाला. त्याची १२ आणि १३ ही कलमं वाचली तर चकित व्हाल. दारू बनवायची नाही, बाळगायची नाही, आणायची-न्यायची नाही, विकायची-विकत घ्यायची नाही, प्यायची नाही. म्हणजे कागदावर अख्खा महाराष्ट्र कोरडा आहे. पुढची कलमं आणि नियम मग सांगतात की अमुक परवाना असेल तर चालेल.

म्हणून वाइन शॉपवाल्याकडे परवाना असतो, बारवाल्याकडे असतो, आणि कायद्याने पिणाऱ्याकडेही असायला हवा. हो, पिणाऱ्याकडे. एक दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच रुपये. आयुष्यभराचा हजार रुपयांत मिळतो. वयाची अट बिअरला २१ आणि कडक दारूला २५. माझ्या ओळखीत ज्यांनी हा कागद खरोखर काढलाय असे लोक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, पण पोलिसांनी अडवलं तर मागायचा अधिकार त्यांना आहे.

आता श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सुटायला लागतं. "दारूबंदीचा जिल्हा" म्हणजे तिथे वेगळा कायदा आलाय असं नाही. तिथे सरकार विक्रीचे परवाने देत नाही, इतकंच. परवाना नसला की मूळ कायदा उघडा पडतो, आणि मूळ कायदा बंदीचाच आहे. पुलावर कायदा बदलत नाही, परवान्याची सावली संपते.

परवान्यांची नावं एकदा ऐकून ठेवा, बातम्या वाचताना कामी येतील. एफएल-२ म्हणजे वाइन शॉप, सीलबंद बाटली घरी न्यायची. एफएल-३ म्हणजे परमिट रूम, आपण ज्याला बार म्हणतो. सीएल-३ म्हणजे देशी दारूचं दुकान. एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी. यातले एफएल-२ आणि सीएल-३ हे दोन परवाने नव्याने देणं सरकारने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून थांबवलंय. त्यामुळे जुना परवाना हातात असणं म्हणजे सोन्याची खाण. दुकान बंद पडलं तरी कागद कोटींत विकला जातो, दुसऱ्या गावात हलवला जातो. "अमुक तालुक्यात नवीन दारू दुकान आलं" अशी बातमी वाचली की समजायचं, बहुतेक वेळा ते दुसरीकडून उचलून आणलेलं असतं. ही स्थलांतराची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ.

गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांची 'सर्च' संस्था त्यात होती, पण रस्त्यावर खऱ्या अर्थाने गावोगावच्या बाया होत्या. १९९३ मध्ये सरकारने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकातच कोरडा झाला होता. तिथली बंदी मुख्यतः आदरापोटी आली, गडचिरोलीची मात्र लोकांनी मागून घेतली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मागून घेतलेली गोष्ट राखायला माणसं असतात. २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' नावाचा कार्यक्रम चालतो. सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट असे तिघं मिळून तो उभा केला, आणि गावागावात समित्या आहेत. तरी गडचिरोलीत दारू मिळत नाही असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसाल.

चंद्रपूरची गोष्ट जास्त वळणावळणाची आहे. डिसेंबर २०१० मध्ये, नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू असताना, चिमूरहून बायांचा पायी मोर्चा निघाला. पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार संघटना पुढे होती. थंडीत, लेकरं घेऊन बाया नागपूरपर्यंत चालत गेल्या. जिल्ह्यातल्या पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. सरकारने समिती नेमली, समितीने अहवाल दिला, अहवाल पडून राहिला. सरकार बदललं, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री झाले, आणि जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर बंद.

१ एप्रिलच का? तर परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. नूतनीकरण केलं नाही की दुकान आपोआप परवान्याविना राहतं.

पुढची सहा वर्षं आपण सगळ्यांनी पाहिली. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातलं वणी, इकडे नागपूर, खाली तेलंगणा. या बाजूंना ओला मुलूख आणि इकडे कोरडा जिल्हा. दुधाच्या कॅनमधून, रुग्णवाहिकेतून, भाजीच्या गाडीतून माल यायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड भागात दारू नेणाऱ्या गाडीने एका पोलिस उपनिरीक्षकाला चिरडलं. त्या दिवसानंतर "थोडीशी तस्करी चालायचीच" असं म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला.

मग विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले. त्यांची भूमिका आधीपासून बंदी उठवण्याची होती. जिल्हाधिकाऱ्यांकडे अडीच लाखांहून जास्त निवेदनं आली, बहुतेक बंदी उठवा म्हणणारी. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, मार्च २०२१ मध्ये अहवाल आला, आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. जुलैत शटर वर गेली. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, शाळा बंद होत्या, आणि दुकानांसमोर रांगा होत्या. काही ठिकाणी लोकांनी दुकानाची पूजाही केली म्हणे.

इथे थोडं थांबतो, कारण त्या वेळी सरकारने दिलेले आकडे आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. बंदीच्या आधीच्या पाच वर्षांत, म्हणजे २०१० ते २०१४, दारूचे १६,१३२ गुन्हे नोंदले गेले. बंदीच्या काळात, २०१५ ते २०१९, ते ४०,३८१ झाले. निष्कर्ष काय काढला? बंदी फसली, उलट गुन्हेगारी वाढली.

आता तुम्हीच विचार करा. आधी दुकानातून घेतलेली बाटली म्हणजे बिल. बंदीत तीच बाटली म्हणजे गुन्हा. सगळीच दारू बेकायदा झाल्यावर दारूचे गुन्हे वाढणार नाहीत तर काय कमी होणार? वाढलेले गुन्हे म्हणजे पोलिसांनी जास्त पकडलं असंही असू शकतं. बंदीने पिणं कमी झालं की वाढलं, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. ते कळायला घराघरात जाऊन विचारावं लागतं, किती पितात, किती खर्च होतो, बायको-पोरांना मार किती पडतो.

पण त्याच अहवालातल्या दुसऱ्या आकड्यापाशी मी अडकतो. बंदीच्या काळात या धंद्यात चार हजारांवर बाया आणि तीनशेवर मुलं सापडली. हे मी बाजूला सारू शकत नाही. ज्या बायांच्या नावाने बंदी आली, त्यातल्याच काही बायांच्या हातात पेट्या देऊन धंदेवाले मागे राहिले. झडतीत बाई पुढे, मालक घरी. बंदीच्या बाजूच्या लोकांनी या आकड्याला नीट उत्तर दिलेलं मला दिसलं नाही, आणि उठवणाऱ्यांनी या बायांचं पुढे काय झालं ते विचारलं नाही.

माझं मत विचाराल तर २०१५ चा आणि २०२१ चा, दोन्ही निर्णय मुंबईत झाले, आणि दोन्ही वेळी जिल्ह्यात राबवायची तयारी अर्धी होती. बंदी लावताना पोलिसांची संख्या, सीमेवरचे नाके, व्यसनमुक्तीची सोय यावर फार काही झालं नाही. उठवताना कुठलं दुकान कुठे असावं यावर फार काही झालं नाही. मग आली ती स्थलांतराची गोष्ट. जुने परवाने तर सुरू झालेच, बाहेरच्या जिल्ह्यांतलेही इकडे आले, आणि वस्तीत, शाळेजवळ दुकानं आल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. २०२४ मध्ये तर बिअर शॉपीच्या परवान्यासाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात लाचलुचपत विभागाने चंद्रपूरच्या उत्पादन शुल्क खात्यातल्या लोकांवर कारवाई केली. सहा वर्षं बंद असलेल्या बाजाराचं दार एकदम उघडलं की उंबरठ्यावर गर्दी होणारच.

बरं, दुकान नको असेल तर गावाच्या हातात काय आहे? आहे. आणि हा भाग मोबाइलवर सेव्ह करून ठेवा.

आडवी बाटली. नाव ऐकलं असेल. गावातल्या किंवा प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के बायांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के लोकांनी सही करून अर्ज दिला, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. २००८ च्या आदेशाने हे आजच्या रूपात आलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून चित्रं. सरकारी कागदात इतकी चांगली कल्पना क्वचित दिसते.

अडचण कुठे आहे ते सांगतो. बंद करायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ती झालेल्या मतदानाच्या निम्मी नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्मी. म्हणजे ज्या बाया आल्याच नाहीत त्या हिशेबात उभ्या बाटलीकडे गेल्या. समजा यादीत ८०० बाया आहेत. मतदानाला ५०० आल्या, त्यातल्या ३९० नी आडवी केली. शंभरात अठ्ठ्याहत्तर बाया बंद करा म्हणाल्या, तरी दुकान चालूच, कारण ४०० चा आकडा ओलांडला नाही. मूल तालुक्यातल्या एका काकूंशी या विषयावर बोललो. त्या म्हणाल्या, "रोवण्याच्या दिवसात मतदान ठेवलं बाप्पा, कोणती बाई चिखल सोडून येते?" सून पुण्याला कंपनीत, लेक सासरी, पण नावं यादीत अजून इथलीच. आमदार निवडून यायला असा नियम लावला तर विधानसभा अर्धी रिकामी राहील. झालेल्या मतदानाचं बहुमत धरा, अशी मागणी कार्यकर्ते बरीच वर्षं करताहेत, आणि मला ती रास्त वाटते.

शिवाय आडवी बाटली फक्त परवान्याच्या दुकानावर चालते. गावामागच्या नाल्यात हातभट्टी असेल तर तिला परवानाच नाही, मग रद्द काय करणार? तिथे पोलिस, उत्पादन शुल्क खातं आणि गावची समिती.

गडचिरोलीत आणखी एक रस्ता आहे. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो, म्हणजे तिथे पेसा कायदा लागतो. १९९६ च्या या कायद्यात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला देण्याची तरतूद आहे. "बंदी किंवा नियंत्रण" हे शब्द बघा. म्हणजे गाव असंही ठरवू शकतं की विकायची कुणीच नाही, पण देवाच्या पूजेला मोहाची लागते तेवढी चालेल. गोंड आणि माडिया समाजात जन्म, लग्न, मरण, पंडुम या सगळ्यांत मोहाची धार लागते. विकणं वेगळं आणि विधी वेगळा, हा भेद गावाला नीट कळतो. दारूबंदीच्या कायद्याला तो कळत नाही. त्याच्यासाठी दोन्ही हातभट्टीच. शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची काढायला सूट आहे, आपल्याकडे ती नाही.

मोहाचा विषय निघालाच आहे तर थोडं रेंगाळू, कारण नियमांतला सगळ्यात मजेशीर बदल तिथेच झालाय. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणारं घर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहे. पण कित्येक वर्षं हे फूल साठवायला आणि न्यायला निर्बंध होते, कारण त्याची दारू होते. म्हणून वेचणारा व्यापाऱ्याला लगेच, पडेल भावात विकायचा आणि पावसाळ्यात तेच फूल चढ्या भावाने घ्यायचा. २०२१ मध्ये राज्याने हे निर्बंध काढले. २०२२ मध्ये पुढचं पाऊल: मोहफूल, काजूबोंडं अशा फळाफुलांपासून कारखान्यात बनवलेल्या मद्याला "विदेशी मद्य" असा दर्जा. हसू नका. आपल्या नियमांत विदेशी म्हणजे परदेशातून आलेली असं नाही, तो एक वर्ग आहे. नाशिकला बाटलीबंद झालेली व्हिस्कीही विदेशीच. तरी एटापल्लीच्या झाडाखाली पडलेलं फूल बाटलीत गेल्यावर विदेशी होतं आणि तेच फूल आजीच्या मडक्यात गेलं की गुन्हा होतो, याची गंमत वाटायची ती वाटतेच.

२०२३ मध्ये गडचिरोलीच्या एमआयडीसीत मोहापासून दारू बनवण्याच्या कारखान्याचा विषय आला तेव्हा मोठा वाद झाला. डॉ. बंग यांनी जाहीर विरोध केला. कारखान्याच्या बाजूचे म्हणत होते, फुलाला भाव मिळेल, पोरांना काम मिळेल. विरोधकांचा मुद्दा होता की दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूचा कारखाना काढणं म्हणजे बंदी आतून पोखरणं. मला वाटतं भावाचा प्रश्न खरा आहे. पण फुलाला भाव द्यायला दारूच कशाला लागते, हेही विचारायला हवं. मोहाचे लाडू, सरबत, मनुक्यासारखी वाळवलेली फुलं विकणारे बचत गट आहेत. त्यांना कारखान्याइतकी जमीन आणि वीज कुणी देऊ केलेली मी ऐकली नाही.

आता ताज्या बदलांवर पटकन. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने परवानगी दिली होती. आरडाओरडा झाला, ते बारगळलं. बंदीच्या जिल्ह्यांना ते तसंही लागू नव्हतं. जून २०२५ चा निर्णय मात्र खिशाला लागला. विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं, देशीवरचं प्रति प्रूफ लिटर १८० वरून २०५ रुपये. आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा वर्ग आला, धान्यापासून बनणारी, फक्त राज्यातल्या उत्पादकांसाठी. १८० मिलीची किमान किंमत देशी ८० रुपये, ही नवी १४८, विदेशी २०५. सरकारला यातून वर्षाला चौदा हजार कोटी जादा हवेत. पिण्याच्या दारूला जीएसटी लागत नाही, म्हणून राज्याच्या थेट हातात राहिलेल्या मोजक्या मोठ्या उत्पन्नांपैकी हे एक. कुठलंही सरकार बंदीच्या बाबतीत इतकं डगमगतं का, ते इथे कळतं. आपल्यासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यांत भाव चढले की तेलंगणा आणि छत्तीसगडकडे नजर जाते, हे वेगळं सांगायला नको.

श्रोत्यांचे दोन प्रश्न उरलेत.

एक, "ताडोबाजवळ मित्राचं लग्न आहे, रिसॉर्टवर पार्टी ठेवली तर?" चंद्रपूर जिल्ह्यात आता चालतं. रिसॉर्टकडे एफएल-३ असेल तर त्यांच्या परमिट रूममध्ये. बाहेर लॉनवर, मंडपात वाटायची असेल तर त्या दिवसापुरता वेगळा तात्पुरता परवाना आयोजकाने उत्पादन शुल्क खात्याकडून आधी काढावा लागतो. "हॉलवाल्याने सांगितलं चालतं" हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही. वरात गडचिरोलीहून येणार असेल तर परत जाताना गाडीच्या डिकीत काही राहू देऊ नका. पुलाचं सुरुवातीलाच सांगितलंय. आणि यात्रा, मोठा सण, मिरवणूक असेल तेव्हा जिल्हाधिकारी कलम १४२ वापरून दुकानं बंद ठेवू शकतात, तेव्हा तारीख ठरवण्याआधी तो आदेश बघा.

दुसरा प्रश्न चिमूरकडच्या एका मुलीचा. आडवी बाटलीचा विषय गावात कुणी काढायचा, सरपंचानेच का? नाही. सह्या गोळा करायला सरपंच लागत नाही, यादीत नाव असलेली कुणीही बाई सुरुवात करू शकते. मतदार यादी मोबाइलवर डाउनलोड होते. आधी महिला मतदार मोजा, चारने भागा, त्यावर वीसपंचवीस सह्या जास्तच घ्या, कारण पडताळणीत काही गळतात. विषय ग्रामसभेत मांडला तर जोर येतो. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास असतात. त्यातल्या काही तारखांना दुकानं तशीही बंद असतात, तेव्हा सगळे शुद्धीवर भेटतील.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत. पुढच्या भागात तेंदूपत्ता.